सब्जा, मोगरा आणि मनीप्लांट : मराठवाड्याच्या निजायच्या खोलीचा हिरवा इतिहास

नांदेड असो की लातूर, शहरातल्या कुठल्याही रोपवाटिकेत आता एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ‘बेडरूमसाठी काही आहे का?’ मग मनीप्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली अशी चार-सहा नावं पुढं येतात. पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत बसवलेलं रोप घरी येतं, पलंगाशेजारच्या टेबलावर जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो स्टेटसला लागतो.

यावर आपल्याकडं दोन प्रतिक्रिया ठरलेल्या आहेत. घरातली जुनी माणसं म्हणतात, ‘झाड उशाशी घेऊन निजू नये, रात्री ते हवा खातं.’ आणि कुणीतरी म्हणतं, ‘हे सगळं मोबाईलवरून आलेलं फॅड, आपल्या घरात असलं कधी होतं का?’ पहिल्या प्रतिक्रियेचं उत्तर विज्ञानाच्या इतिहासात आहे, दुसरीचं दकनच्या इतिहासात. दोन्हीकडं जरा सावकाश पाहिलं तर लक्षात येतं की निजायची जागा आणि झाड यांचं नातं आपल्या मुलखात चारशे वर्षांहून जुनं आहे. मात्र ते नातं आज दिसतं तसं नव्हतं.

खाट झाडाकडं जायची

आधी ‘बेडरूम’ हा शब्द बाजूला ठेवू. मराठवाड्यातल्या जुन्या घरात निजायची म्हणून वेगळी खोली नसायची. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद, आत धान्याच्या कणग्या, पेट्या आणि अंथरुणांची चळत. उजेड यायचा तो दारातून आणि छताला ठेवलेल्या एखाद्या भोकातून. उन्हापासून बचाव करणारी ही बांधणी उन्हाळ्याच्या दुपारी सुखाची होती, पण त्या अंधारात कुठलंही रोप आठवडाभरही तगलं नसतं.

मग लोक निजायचे कुठं? थंडी-पावसात आत, पण होळीनंतर पाऊस लागेपर्यंत माळवदावर किंवा अंगणात. संध्याकाळी पाणी शिंपडायचं, बाजा काढायच्या, उशाशी सुरई ठेवायची. वाडा असेल तर मधल्या चौकात, साधं घर असेल तर दारापुढं. आणि त्याच अंगणात मोगरा असायचा, जाई असायची, एखादी गुलबक्षी असायची. मोगऱ्याची कळी संध्याकाळी फुगते आणि रात्री उमलते, गुलबक्षीसुद्धा दिवस कलल्यावरच फुलते. म्हणजे ज्या वेळी बाज अंगणात यायची, त्याच वेळी ही फुलं जागी व्हायची. आपल्या आजी-नानींनी अंगणासाठी निवडलेली झाडं नीट पाहिली तर त्यातली बरीचशी रात्री दरवळणारी निघतात. ही निवड दिवसभर राबून रात्री अंगणात पाठ टेकणाऱ्या बायकांनी केलेली आहे.

म्हणून आपल्या मुलखात झाड निजायच्या खोलीत आलं नाही, खाटच झाडाकडं जायची.

बिजापूरचा सुगंधाचा ग्रंथ

गरिबाची खाट अंगणात गेली, तसा अमिराच्या महालात सुगंध आत आला. याचा लेखी पुरावा दकनमध्येच आहे. बिजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह (कारकीर्द १५८० ते १६२७) संगीताचा आणि चित्रकलेचा भोक्ता म्हणून आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या दरबारात फारसी भाषेत ‘इत्र-ए-नौरसशाही’ नावाचा एक ग्रंथ तयार झाला. विषय सुगंध. अत्तरं, उटणी आणि धूप कसे करावेत हे त्यात आहेच, पण त्याबरोबर राहण्याची जागा आणि शयनगृह फुलांनी, गुच्छांनी आणि धुपानं कसं सुगंधित करावं याचाही विचार आहे. आज ज्याला आपण खोलीची सजावट म्हणतो त्याचं हे सतराव्या शतकातलं दकनी रूप. फरक इतकाच की आपण डोळ्यांसाठी सजवतो, ते नाकासाठी सजवायचे.

या ग्रंथामागं एक समजूत होती. युनानी तिब्बमध्ये वास हा औषधासारखा मानला जायचा. कुठला वास मेंदूला थंडावा देतो, कुठला उष्णता वाढवतो, कुठल्यानं झोप लागते, याचे हिशेब हकीम मांडायचे. गुलाब आणि चंदन थंड, कस्तुरी आणि अंबर उष्ण. त्यामुळं शयनगृहातली फुलं ही चैन होती तशी तबियतीची काळजीही होती.

बिजापूरच्याच दुसऱ्या अली आदिलशहाच्या दरबारात नुसरती हा कवी होऊन गेला. त्यानं १६५७-५८ च्या सुमारास ‘गुलशन-ए-इश्क’ ही मसनवी दकनी भाषेत लिहिली. गोष्ट मनोहर आणि मदमालती यांच्या प्रेमाची, मूळ उत्तर हिंदुस्थानातल्या सूफी प्रेमकथेची. पण नुसरतीनं ती दकनच्या मातीत लावली आणि बागांची, फुलझाडांची लांबलचक वर्णनं तिच्यात पेरली. नायिकेचं नाव मालतीवरून, तिच्या सखीचं नाव चंपावती. उर्दूच्या वर्गात आपण दकनी साहित्य दोन-चार ओळींत उरकतो आणि दिल्ली-लखनौकडं वळतो. औसा, उदगीर, कंधार ही आपली किल्ल्यांची गावं ज्या दकनी जगात वाढली, त्या जगाची बाग मात्र या मसनव्यांमध्येच सापडते.

पाणी नाही, तर धातूवर फूल

दकनच्या या भागाला एक गोष्ट कधीच मुबलक मिळाली नाही, ती म्हणजे पाणी. कंधारच्या किल्ल्याभोवतीचा पाण्यानं भरलेला खंदक, औरंगाबादेत मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून खेळवलेली नहर, या गोष्टी आजही लोक थांबून बघतात. कारण इथं पाणी साठवणं आणि वाहवणं हेच मोठेपण होतं. बारमाही बाग ही सुभेदाराची आणि सुलतानाची गोष्ट.

मग ज्यांना बाग परवडत नव्हती, किंवा ज्यांची बाग उन्हाळ्यात जळून जायची, त्यांनी काय केलं? त्यांनी न सुकणारी झाडं घरात आणली. उदगीरहून बिदर फार दूर नाही. बिदरची ओळख असलेली बिदरीची कारागिरी म्हणजे जस्त आणि तांब्याचा मिश्रधातू, त्यावर कोरून बसवलेली चांदीची तार, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातल्या खास मातीनं दिलेला काळाभोर रंग. त्या काळ्या अंगावर चांदीच्या वेली चढलेल्या असतात, पॉपीची फुलं उमललेली असतात. पानदान, हुक्क्याचा तळ, अत्तरदाणी, फुलदाणी, सगळ्यांवर झाडंच झाडं. चांगल्या खानदानी घरात यातली एखादी वस्तू लग्नात यायची आणि निजायच्या खोलीतल्या कोनाड्यात जाऊन बसायची.

कोनाड्याचंही असंच. मोगल आणि दकनी महालांत भिंतीत ओळीनं छोटे कोनाडे करायचे, त्याला चिनीखाना म्हणत. दिवसा त्यात फुलदाण्या, रात्री दिवे. आपल्या मातीच्या घरातला ताक, म्हणजेच कोनाडा, हा त्याच घराण्यातला गरीब नातेवाईक. त्यात रात्री चिमणी जळायची आणि ईदच्या दिवशी पितळी पेल्यात चार गुलाब असायचे.

कापडावरही तेच. औरंगाबादच्या हिमरूवर सुती-रेशमी धाग्यांत विणलेली फुलं, पलंगपोसावर बुट्टे, रजईच्या कापडावर वेली. उन्हाळ्यात खिडकी-दाराला लावलेली वाळ्याची ताटी हीसुद्धा वनस्पतीच. वाळा म्हणजे खस, एका गवताची मुळं. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त खसच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोली गार करण्याची रीत नोंदवली आहे. निजामाच्या राजवटीत अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत या ताट्या असायच्या. पुढं तोच वाळा कूलरच्या जाळीत जाऊन बसला. मे महिन्यात कूलर सुरू करताना येणारा तो ओल्या मातीसारखा वास कुणाला आठवत नसेल?

शब्दांनी जपलेली बाग

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळं माझं लक्ष वस्तूआधी शब्दाकडं जातं. मराठी घरातल्या फुलांच्या शब्दसंपत्तीकडं पाहा. बाग फारसी. फुलदाणीतलं फूल आपलं, ‘दाणी’ फारसी ‘दान’वरून आलेलं. अत्तर अरबी ‘इत्र’वरून. गुलाबाची तर मौज आहे. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. म्हणजे गुलाब हा मुळात फुलाचा शब्दच नव्हे, तो गुलाबपाण्याचा शब्द. हिंदुस्थानात आल्यावर आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं, आणि मग पाण्याला पुन्हा ‘गुलाबपाणी’ म्हणू लागलो.

याहून गमतीची गोष्ट पुढं आहे. गुलबक्षी आणि गुलछडी ही नावं ऐकली की वाटतं, ही फुलं इराणातून आली असणार. पण गुलबक्षी मूळची अमेरिका खंडातली आणि गुलछडी, म्हणजे निशिगंध, मेक्सिकोची. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेत पोचल्यावर ही झाडं जगभर फिरली आणि हिंदुस्थानात उतरली. इथं कुणीतरी त्यांना आपल्या ओळखीचं ‘गुल’ लावून घरात घेतलं. रस्त्याकडेचा गुलमोहर मादागास्करचा, नाव मात्र फारसी वळणाचं. परक्या पाहुण्याला आपलं नाव देऊन घरचा करण्याची ही दकनी सवय आहे. मनीप्लांटला ‘बाहेरचं’ म्हणून नाक मुरडताना ती आठवायला हवी.

एका कुळातली दोन रोपं

आपल्या घरांत सब्जा असतो. हिंदू शेजाऱ्याच्या अंगणात तुळस असते. दोन्ही एकाच कुळातली, वनस्पतीशास्त्र दोघांनाही ‘ऑसिमम’ या एकाच नावाखाली ठेवतं. पानं चुरगळून हुंगली तर दोघींचं बहीणपण नाकालाही कळतं.

सब्जा हा शब्द ‘सब्ज’ म्हणजे हिरवा यावरून आला. मराठवाड्यातल्या कब्रस्तानांत आणि दर्ग्यांच्या आवारात तो दिसतो, मय्यतीनंतर कबरीवर लावला जातो. रमजानमध्ये त्याचं बी सरबतात आणि फालुद्यात भिजतं. कुरआनच्या सूरह रहमानमध्ये ज्या सुगंधी ‘रैहान’चा उल्लेख येतो, त्या शब्दानं अरब लोक आजही याच रोपाला ओळखतात. कुणी रैहान भेट दिली तर नाकारू नये, कारण ती उचलायला हलकी आणि वासाला गोड, या अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. झाड लावणाऱ्याच्या वाट्याला, त्या झाडाचं फळ माणसानं, जनावरानं किंवा पाखरानं खाल्लं तरी सदक्याचं पुण्य जातं, ही शिकवणही सर्वांना माहीत आहे. कुंडीवर पैसे घालवणं फुजूलखर्ची आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावं. खर्च कुंडीच्या भपक्यात असतो, रोपात नसतो.

एका अंगणात तुळस, भिंतीपलीकडं सब्जा. दोन्हींना सकाळी पाणी घालणारे हात बायकांचे. सर्दी झाली तर तुळशीचा काढा दोन्ही घरांत, उन्हाळा लागला तर सब्ज्याचं बी दोन्ही घरांत. सामायिक संस्कृती म्हणून आपण व्याख्यानांत मोठमोठी उदाहरणं देतो. मला हे उदाहरण पुरतं.

बागवान, फुलारी, अत्तार

महालातल्या फुलांचा इतिहास लिहिताना ती फुलं खुडणारे कुठं गेले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ते कुठंही गेलेले नाहीत, आपल्या मोहल्ल्यातच आहेत. बागवान म्हणजे बाग राखणारा. फुलारी म्हणजे फुलं ओवणारा आणि विकणारा, हे आडनाव हिंदूंतही आहे आणि मुसलमानांतही. अत्तार म्हणजे सुगंध विकणारा. या तीन बिरादऱ्यांची नावंच सांगतात की दकनमधल्या सुगंधाच्या कारभारावर कुणाचे हात राबत होते.

आज बागवान बहुतेक भाजी आणि फळांच्या गाड्यावर दिसतो. फुलारी मंदिर, मशीद, दर्गा आणि लग्नमंडप या सगळ्यांसाठी एकाच टोपलीतून फुलं काढतो. नवविवाहितांची खोली सजवायचं काम त्यालाच मिळतं. पलंगाच्या चारी खांबांना मोगऱ्याच्या लड्या, उशाशी गुलाबाच्या पाकळ्या. बिजापूरच्या ग्रंथातल्या शयनगृहाची परंपरा जर कुणी रोजच्या कामात जिवंत ठेवली असेल तर ती या कारागिरानं. पण रोपवाटिकेच्या नव्या धंद्यात, जिथं एका पानाचे शंभर रुपये होतात, तिथं ही मंडळी मालक म्हणून फार थोडी आहेत. झाडांची पिढीजात समज आणि झाडांचा बाजार यांची फारकत झाली आहे. आपल्या समाजातल्या ज्या मुलांना शेती नाही, भांडवल नाही, पण हातात हा गुण आहे, त्यांच्यासाठी रोपवाटिका हा विचार करण्यासारखा उद्योग आहे. सब्जा, मोगरा आणि कोरफडीची रोपं करायला दहा बाय दहाची गच्चीसुद्धा चालते.

काचेच्या पेटीतून आलेले पाहुणे

मग मनीप्लांट आला कुठून? त्याची गोष्ट लंडनमध्ये सुरू होते. नॅथॅनिएल वॉर्ड नावाचा एक डॉक्टर होता. त्यानं १८२९ मध्ये पतंगाचा कोश पाहण्यासाठी बंद बाटलीत ओली माती ठेवली होती. काही दिवसांनी त्या मातीतून नेचा उगवलेला त्याला दिसला. बाटलीतलं पाणी वाफ होऊन काचेला लागायचं आणि पुन्हा मातीत उतरायचं, म्हणून रोपाला बाहेरचं पाणी लागत नव्हतं. यातून काचेच्या बंद पेट्या तयार झाल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून लंडनहून सिडनीपर्यंत रोपं जिवंत पोचली. त्याआधी महिनोन्‌महिने समुद्रात खारं वारं खाऊन बहुतेक रोपं मरून जात.

या पेट्यांनी साम्राज्याची कामं केली. १८४०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट फॉर्च्यून यानं चीनमधून चहाची रोपं याच पेट्यांत घालून हिंदुस्थानात आणली. त्याच वाटेनं उष्ण प्रदेशांतली शोभेची झाडं युरोपच्या दिवाणखान्यांत गेली आणि तिथून जगभर पसरली. जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढलेली ही रोपं होती, म्हणून त्यांना खोलीतला अंधुक उजेड चालला. मनीप्लांट प्रशांत महासागरातल्या मोरिया बेटावरचा. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेचा. झेडझेड प्लांट पूर्व आफ्रिकेचा. पीस लिली अमेरिकेच्या उष्ण जंगलांतली. आज आपल्या पलंगाशेजारच्या एका फळीवर अनेक खंडांचा इतिहास बसलेला असतो.

‘रात्री झाड हवा खातं’

आता जुन्या माणसांच्या भीतीकडं येऊ. ती निव्वळ अंधश्रद्धा नाही, तिच्यामागं खरा शोध आहे. १७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टली यानं बंद भांड्यात मेणबत्ती विझेपर्यंत हवा खराब केली आणि त्यात पुदिन्याची काडी ठेवली. काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. पुढं १७७९ मध्ये यान इंगेनहाऊझ यानं दाखवलं की झाडं हवा शुद्ध करतात ती उजेडात, अंधारात उलट ती आपल्यासारखाच श्वास घेतात. या दुसऱ्या शोधाची बातमी लोकांत पसरली आणि युरोपातल्या इस्पितळांत रात्री रुग्णाजवळची फुलं उचलून बाहेर ठेवायची पद्धत पडली. परिचारिकांची गुरू मानली जाणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनं एकोणिसाव्या शतकातच ही भीती निराधार ठरवून रुग्णाजवळ फुलं असावीत असा आग्रह धरला होता. एका कुंडीतलं झाड रात्रभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याहून कितीतरी जास्त शेजारी निजलेलं माणूस सोडतं. आणि माणसाला आपण खोलीबाहेर काढत नाही.

पण आजच्या जाहिराती उलट्या टोकाला गेल्या आहेत. ‘हे झाड ठेवा, खोलीची हवा शुद्ध होईल.’ याचं मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९च्या एका अहवालात आहे. छोट्या बंद पेट्यांत काही झाडांनी हवेतली घातक रसायनं कमी केली, असं त्यात आढळलं. तो प्रयोग पेटीतला होता, आपली खोली पेटी नव्हे. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. खिडकी-दारांतून होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीशी बरोबरी करायची तर एका चौरस मीटरमागं दहा ते हजार कुंड्या लागतील, असा निष्कर्ष निघाला. थोडक्यात, हवा हवी असेल तर खिडकी उघडा. झाड ठेवा ते डोळ्यांसाठी, नाकासाठी आणि मनासाठी.

दोन तारखा

मराठवाड्याच्या घराचा इतिहास दोन तारखांशिवाय पुरा होत नाही.

पहिली ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र संपत आली होती, विसर्जन करून लोक निजले होते. पहाटे चारच्या आत-बाहेर किल्लारी आणि आसपासचा भाग हादरला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्यातली बहुतेक माणसं आपल्याच घराच्या दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली गाडली गेली. ज्या जाड छतानं पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून वाचवलं, त्यानंच निजलेल्यांचा जीव घेतला. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसली. सरळ रस्ते, सिमेंटची घरं, आखलेले प्लॉट. ज्यांची गावं पडली नव्हती त्यांनीही माळवदं उतरवून पत्रे घातले, पुढं स्लॅब टाकले. निजायची खोली बदलली, तिला खिडकी आली, उजेड आला. आणि शहरं वाढत गेली तसं अंगण गेलं. नांदेडच्या जुन्या मोहल्ल्यांत आज दोन घरांमध्ये हातभर जागा उरलेली नाही. खाट झाडाकडं जायला झाडच राहिलं नाही. म्हणून झाडाला खाटेकडं यावं लागलं. रंगाचे रिकामे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, फुटके माठ, यांत लावलेला मोगरा खिडकीच्या गजांत येऊन बसला. ‘बेडरूम प्लांट’ हा शब्द येण्याआधीच तो आपल्या मोहल्ल्यात आलेला होता.

दुसरी तारीख एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्येच लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा डबे, साधारण पाच लाख लिटर. घागरीमागं माणसं भांडत असताना कुंडीला पाणी कोण घालणार? त्या उन्हाळ्यात लातूरच्या घराघरांत कुंड्या वाळल्या. आमच्या लातूरच्या नातेवाइकांच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी आणि वजूचं पाणी एका टोपल्यात जमा व्हायचं, तेवढ्यावर एक मोगरा आणि दाराला उलटी टांगलेली कोरफड तगली. सब्जा मात्र गेला. पण जून लागला, ७ तारखेला पहिला रोजा आला आणि सरबतासाठी सब्ज्याच्या बियांचा डबा निघाला. पावसाची पहिली सर पडल्यावर त्यातलंच चिमूटभर बी त्या वाळलेल्या डब्यात टाकलं. आठवड्याभरात हिरवे ठिपके वर आले.

या प्रसंगातून मला एक गोष्ट कळली. कुठलं रोप ठेवावं, हा आपल्या भागात आवडीचा नाही तर पाण्याचा प्रश्न आहे. मोरियाच्या पावसाळी जंगलातलं रोप देखणं आहे, पण आपल्या मे महिन्याचा त्याला अनुभव नाही. सब्जा, कोरफड, पानफुटी, मोगरा यांना आहे.

आता काय करावं

ज्यांना खरोखर निजायच्या खोलीत हिरवं हवं आहे त्यांच्यासाठी एवढंच. पूर्वेची खिडकी असेल तर तिच्यात सब्जा आणि मोगरा ठेवा, त्यांना रोज काही तास ऊन लागतंच. खोली अंधारी असेल तर मनीप्लांट किंवा स्नेक प्लांट चालेल, पण मनीप्लांटची पानं लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, जीभ आणि घसा चुरचुरतो. कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि पलंगाशेजारी त्याला घर देणं परवडणारं नाही. वजूचं पाणी नालीत सोडण्याऐवजी कुंडीला द्या. वाहत्या नदीकाठीसुद्धा वजूला पाणी उधळू नये, असं आपल्याला शिकवलेलं आहे. आपल्याकडं तर नदीही बारमाही वाहत नाही.

आणि मुलांना त्या रोपाचं नाव सांगताना त्याचा प्रवासही सांगा. मोरियाहून युरोपच्या काचघरात आणि तिथून देगलूर नाक्यापर्यंत आलेला मनीप्लांट, मेक्सिकोहून येऊन ‘गुल’ झालेली गुलछडी, शेजारच्या तुळशीची बहीण असलेला सब्जा. आपल्याला इतिहास म्हटलं की लढाया आणि तख्तं आठवतात. औसा आणि उदगीरच्या तटाखाली कोण जिंकलं, कोण हरलं, यावर आपण आजही भांडतो. त्या तटांच्या आतली आणि बाहेरची माणसं रात्री कशी निजत होती, उशाशी कुठलं फूल ठेवत होती, हे विचारलं तर भांडायला फारसं काही उरत नाही. मोगऱ्याची कळी उमलायला रात्रच लागते, मग ती कुणाच्याही खिडकीत असो.